सांध्यावरची नोकरी

आई, बाबा,

फोनवर सांगायचा धीर झाला नाही म्हणून लिहितेय. ऑफिसची नोकरी सोडली मी. रेल्वेत सिग्नलच्या मेंटेनन्सला जॉइन झालेय, सह्या वगैरे सगळं झालंय. आधी विचारायला हवं होतं, कळतंय मला, पण तुम्ही नको म्हणाला असतात तर माझं पाऊलच उचललं नसतं.

आई, खोली चांगली आहे, ऊन येतं, गरम पाणी येतं, बूट जाड सोलचे दिलेत. रात्रपाळीला एकटीला पाठवत नाहीत, आम्ही रुळात वाकून काम करतो तेव्हा एकजण नुसता गाडी येतेय का बघत उभा असतो.

बाबा, तुमच्या डोळ्यांसमोर ती अपघाताची रात्र येणार, माहितीये मला. म्हणूनच नीट सांगते, आईलाही वाचून दाखवा. सांध्यावर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे, टोकाकडे पातळ होत गेलेले दोन हलते रूळ, टंग रेल, असतात, दांडीने जोडलेले, त्यामुळे एक बाजूच्या रुळाला चिकटला की दुसरा साडेचार इंच उघडतो, आणि चाकाची आतली कड चिकटलेल्याच्या कडेकडेने जाते तशी गाडी वळते. धोका सगळा त्या टोकाशी. ते अर्धवट राहिलं आणि कड मधे शिरली की संपलं. तर काल मी तपासायला तिथे पाच मिलिमीटरची पट्टी घातली आणि सांधा फिरवायला सांगितला. मोटर नुसती घरघरत राहिली, लॉक बसेना, सिग्नल लालचा लाल. पट्टी काढून परत फिरवला तेव्हा कुठे खट्ट करून लॉक बसलं. सांधा आणि सिग्नल असे एकमेकांना बांधायचं पेटंट जॉन सॅक्सबीने १८५६ सालीच घेतलं होतं, सांधे फिरवायच्या तुमच्या लिव्हरमागे तेच होतं ना? आता रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, आणि कॉम्प्युटर आलेत, आणि चाकं सांध्यावर असली की रुळांतला करंट चाकांतूनच फिरतो, रिले पडतो, मग कुणी कितीही बटण दाबलं तरी सांधा हलत नाही. पण खडी अडकते, बोल्ट ढिले होतात, ते बघायला माणूस लागतोच, आणि तो माणूस मला व्हायचं होतं बाबा.

तुमच्या मांडीवर बसून खिडकीतून बघायचे, खाडखाड वाजलं की तुम्ही म्हणायचात, सांधा गेला गं छकुली. तो आवाज पुढच्या क्रॉसिंगचा असतो, दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथला, तिथे रुळात फट असते, एक चाक ती ओलांडतं तेव्हा दुसऱ्याला आतल्या बाजूचा जादा रूळ, चेक रेल, धरून ठेवतो. काल खाली बसून क्रॉसिंगचं नाक, ते पुढे आलेलं टोक, चाचपलं, चाकांनी घासून आरशासारखं गुळगुळीत झालंय. हात बराच वेळ तिथेच राहिला माझा.

आता ऐका. बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही. मोतीबिंदूची तारीख याच आठवड्यात घ्या, रजा मी टाकते. आई, तू स्टुलावर चढायचं नाहीस, माळ्यावरचं मी आल्यावर काढू. रागवा हवं तेवढं, पण रविवारी सकाळी पाळी संपली की फोन करते, तो उचला.

तुमची,
छकुली