शमे, मनूशी तू बोल

प्रिय शमे,

आम्ही सगळे बरे आहोत. माझा गुडघा ठीक, लोलाची (इथल्या आजीची) साखर आटोक्यात. तब्येतीचं एवढंच. सांगायचंय ते वेगळंच आहे आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. आईला सांगितलं तर ती फक्त विचारेल, "पेपरात फोटो आला का गं?"

शनिवारी माझ्या मनूच्या टीव्ही मालिकेची प्रेसकॉन, म्हणजे पत्रकार परिषद, झाली. इथे फिलिपाइन्सच्या क्वेझॉन सिटीतच, टोमास मोराटो रस्त्यावरच्या एका हॉटेलात. पहिल्यांदाच मला बोलावलं होतं. मागच्या टेबलावर बसवलं, शेजारी सिनेमाची पानं लिहिणाऱ्या वयस्कर बायका. त्यांना सगळे 'तिता' म्हणतात, म्हणजे मावशीच. इथे आधी पत्रकारांना पोटभर जेवू घालतात. पानसित, भात, लेचोन कावाली, वर बुको पांदान. मग ट्रेलर, मग एकेका कलाकाराचं नाव पुकारून त्याला लांब टेबलामागे बसवायचं. आपल्या कॉलेजच्या नाटकांच्या प्रयोगानंतरच्या चहा-खारीची फार आठवण झाली. दिघ्या एकटा सहा खाऱ्या उचलायचा, आठवतं?

तुला माहीतच आहे, मनूचं काम नायिकेच्या धाकट्या बहिणीचं. पण तिचा आणि मालिकेतल्या एका मुलाचा एक प्रसंग लोकांनी मोबाइलवर इतका फिरवला, की आता त्यांची लव्ह टीम केली आहे. इथला हा धंदाच आहे. जोडी जमवायची, मग सिनेमा, जाहिराती, मॉलमधले कार्यक्रम, सगळं त्या दोघांचं मिळून. दोघांच्या नावांचं एक नाव चाहतेच करून टाकतात. ५ मे २०२० ला एबीएस-सीबीएन या इथल्या मोठ्या वाहिनीचं प्रक्षेपण बंद झालं, पुढे संसदेच्या समितीनं परवाना नाकारला, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. आता चाललेली जोडी हातची कोण सोडणार? त्या लोकांची पोटं त्यावर आहेत, हे मला कळतं.

मग प्रश्न सुरू झाले. मालिकेबद्दल एक-दोन. आणि एका तितानं माइक घेऊन मनूला विचारलं, "कुमुस्ता आंग पुसो?" हृदयाचं काय चाललंय! सगळा हॉल हसला, टाळ्या. मनू हसली, "मासाया पो," म्हणाली, आनंदात आहे म्हणून, आणि त्या मुलाकडे पाहिलं. बघायचं होतं तितकंच पाहिलं, शमे. ते बसवलेलं होतं. टेबलाखाली मात्र ती पाण्याच्या बाटलीचं लेबल नखानं सोलत होती. बारीक बारीक पट्ट्या, सगळ्या मांडीवर. माझ्या कोपऱ्यातून मला स्पष्ट दिसत होतं.

त्या मुलाची खरी मैत्रीण सेबूला नर्सिंग शिकते. मनूला माहीत आहे, मॅनेजरलाही. त्यानं तिचं नाव काढायचं नाही आणि मनूनं 'आमच्यात तसं काही नाही' म्हणायचं नाही. खोटं बोला असं कुणी सांगत नाही, फक्त प्रश्न लोंबकळत ठेवा म्हणतात. मुलगा चांगला आहे गं. मला भेटताच त्यानं माझा हात कपाळाला लावून 'मानो' केलं, लोलाला करतात तसं. त्याचीही मला दयाच आली.

तू म्हणशील, "मनूला या कामात पाठवू नकोस, हे मी तेव्हाच सांगितलं होतं." हो, तुमच्या माळ्यावर मखर काढताना आपण त्यावरून कडाकडा भांडलो होतो, आणि अजूनही माझं म्हणणं तेच आहे. पोरीला काम येतं, तिनं करावं. कॅमेऱ्यापुढे रडली, हसली, प्रेमात पडली, तर ते तिचं काम. कॅमेरा बंद झाल्यावरही तिनं प्रेमात असावं, हे कुठलं काम?

शेजारच्या तितानं मला नोरा ऑनरचं सांगितलं. सावळी मुलगी, इरिगाच्या स्टेशनवर पाणी विकायची, गोऱ्यापान नायिकांच्या काळात सुपरस्टार झाली. २०२२ मध्ये राष्ट्रीय कलावंत म्हणून गौरव, २०२५ च्या एप्रिलमध्ये गेली तेव्हा शासकीय इतमामात निरोप. लोला दिवसभर टीव्हीसमोरून उठली नव्हती. १९७० च्या सुमारास नोराची टिर्सो क्रूझबरोबर जोडी होती. टिर्सोनं तिला एक बाहुली दिली, मारिया लिओनोरा तेरेसा, आणि लोकांनी ती बाहुली त्या दोघांचं लेकरू मानली! पुढे दोघांची लग्नं वेगवेगळ्या माणसांशी झाली. तिता हे मोठ्या कौतुकानं सांगत होती, माझ्या घशाखाली भात उतरेना. कारण हे जुनं झालेलंच नाही. आल्डेन आणि मेन या टीव्हीवरच्या जोडीसाठी २०१५ मध्ये फिलिपीन अरेना हे प्रचंड सभागृह भरलं होतं. मेननं २०२३ मध्ये दुसऱ्याशी लग्न केलं, तरी ती आणि आल्डेन गुपचूप नवरा-बायको आहेत असं धरून बसलेले चाहते आहेत.

हे सगळे वेडे म्हणून मोकळी झाले असते. पण बाहेर एक बाई भेटली. बुलाकानहून बसनं आलेली, हातात मनूचं नाव लिहिलेला कापडी फलक, अक्षरं हातानं शिवलेली. हाँगकाँगला घरकाम करायची. परत आल्यावर नवऱ्याचं दुसरंच बिऱ्हाड निघालं. मी मनूची आई म्हटल्यावर तिनं मला मिठीच मारली, "मॉमी, या दोघांना तुटू देऊ नका हं." रोज रात्री यांच्या क्लिपा बघून झोप लागते म्हणाली. काय सांगणार होते मी तिला? तिचं प्रेम शंभर टक्के खरं आहे. म्हणून तर मला जास्त भीती वाटते. उद्या मनू कुणा तिसऱ्याबरोबर जेवताना दिसली, तर या बाईची झोप जाईल आणि दोष मनूच्या माथी येईल. एकोणीस वर्षांची आहे गं ती.

आणि म्हणून तू. पुरुषोत्तम करंडकाच्या वर्षी तुझं नि दिघ्याचं नाव कॉलेजभर जोडलं, नानांनी तुझ्या तालमी बंद केल्या, आणि तू नाटकच सोडलंस. त्यावर तू माझ्याशीसुद्धा कधी बोलली नाहीस. मी विचारलं की विषय बदलायचीस. मनूला मी काही म्हटलं की "आई, तुला इथलं कळत नाही" हे ठरलेलं उत्तर. तू बोललीस तर ती ऐकेल. लहानपणापासून तुझंच ऐकते.

बाकी तुझ्या बढतीचं कळलं, फार आनंद झाला. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? कोथरूडचा फ्लॅट मात्र एवढ्यात विकू नका.

मनू रात्री नऊपर्यंत घरी येते, तेव्हा तुमच्याकडे साडेसहा. रविवारी तिला शूटिंग नाही, त्या दिवशी फोन कर. काम सोड असं सांगू नकोस, ते मला नकोय. त्या वर्षी तुला कुणी काय म्हणायला हवं होतं, ते सांग. आणि दिघ्याचं सांग. सगळं सांग.

तुझीच,
वसू