राखीव धावपटूकडून मॅनेजर मॅडमना

आदरणीय मॅडम,

आपल्या रिलेच्या चौघींनी आणि कोच सरांनी तुमचे आभार स्टेडियममध्येच मानले. मी मागे उभी होते, माझं राहून गेलं. ४ × १०० मीटरच्या संघात मी राखीव. पहिल्या फेरीत धावले नाही, अंतिम फेरीतही नाही. पण स्पर्धेआधीच्या शेवटच्या आठवड्यांत तुम्ही जे सांभाळलंत, त्यातलं बरंच माझ्या वाट्याला आलं, आणि ते चारचौघांत सांगावंसं वाटलं म्हणून हे पत्र उघडपणे लिहितेय.

रिलेचा नियम बाहेरच्यांना फारसा माहीत नसतो. कोण धावणार आणि कुठल्या क्रमाने, हे त्या फेरीच्या पहिल्या हीटच्या (फेरीतल्या पहिल्या शर्यतीच्या) जाहीर झालेल्या पहिल्या कॉलच्या, म्हणजे धावपटूंना हजर व्हायला बोलावतात त्या वेळेच्या, निदान एक तास आधी लिहून द्यावं लागतं. त्यानंतर बदल हवा असेल तर आयोजकांच्या डॉक्टरांनी खात्री करून द्यायला हवी, आणि तोही शेवटच्या कॉलपर्यंतच. याचा राखीव धावपटूसाठी अर्थ असा, की अंग पूर्ण तापवून, स्पाइक्स (पिना लावलेले धावण्याचे बूट) बांधून, जिवाच्या आकांताने पळायला तयार राहायचं आणि बहुतेक वेळा परत बसायचं. बसायचं आहे हे मनाला एकदा कळलं की शरीर आधीच बसतं. शिबिरांत राखीव मुली स्टॉपवॉच धरतात, बाटल्या भरतात, व्हिडिओ काढतात. मीही हे सगळं केलंय.

ही रीत तुम्ही सरावाचं वेळापत्रक मांडतानाच मोडलीत. टेपरिंग, म्हणजे स्पर्धेआधी सराव कमी करत नेणं, सुरू झालं की पळण्याचं प्रमाण उतरतं आणि वेग तेवढाच राहतो, त्यामुळे पूर्ण वेगाने घ्यायचे चेंजओव्हर, म्हणजे बॅटन हातोहात देण्याचे बदल, अगदी मोजकेच उरतात. ते सगळे मुख्य चौघींना मिळावेत असं सरांना वाटणं चूक नव्हतं. तरीही त्यातले काही माझ्या नावावर लिहा, असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात. सर नाराज झाले, चौघींपैकी दोघींच्या कपाळावर आठ्या आल्या. तुम्ही शांतपणे वही उघडलीत. कोणाकडून बॅटन घेताना माझा चेकमार्क (येणारी जिथे पोचली की आपण पळायला लागायचं, ती टेपची खूण) किती पावलांवर, समोरून वारा असेल तर तो किती जवळ आणायचा, हे प्रत्येक जोडीसाठी त्यात लिहायला रकाने आखले होते. माझे रकाने रिकामे होते. ते दाखवून तुम्ही एवढंच विचारलंत, "उद्या हिला उतरवावं लागलं तर टेप कुठे लावायची?"

बदलाचा पट्टा तीस मीटरचा. त्यात मागे न बघता हात मागे करायचा आणि येणारीवर भरवसा ठेवायचा. बीजिंग ऑलिम्पिकला २००८ साली अमेरिकेचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ पहिल्याच फेरीत बाद झाले, दोन्ही वेळा शेवटच्या बदलात बॅटन पडली. त्यांच्याकडे वेगाची काय कमी होती? मला वाटतं, स्पर्धेच्या तोंडावर कुठल्याही मॅनेजरला कोणाचा वेग वाढवता येत नाही. सरावाचे उरलेले मोजके बदल कोणाला द्यायचे, हे मात्र हातात असतं, आणि तिथे तुम्ही वाईटपणा घेतलात.

बाकीची कामं तर ढीगभर. डोपिंग चाचणीसाठी रोज कुठल्या तासाला कुठे सापडू, हे ज्यांना कळवावं लागतं, त्यांचे पत्ते शिबिर हललं त्याच दिवशी बदलून घेतलेत. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या तर कारकीर्दच पणाला लागते. सर्दीची गोळी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घ्यायची नाही, हे इतक्यांदा बजावलंत की आम्ही तुमची नक्कल करायचो (तुम्हाला ठाऊक होतं, हे नंतर कळलं). सर्दीच्या काही गोळ्यांत असणारं स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणापलीकडे गेलं तर स्पर्धेच्या काळात चालत नाही, हे मला तेव्हाच समजलं. स्पाइक्सच्या सोलची जाडी, मान्यताप्राप्त यादीतलं मॉडेल, हे तुम्ही स्वतः तपासलंत. स्पाइक्स आणि एक पूर्ण पोशाख हातातल्या बॅगेत, पिना मात्र सामानात.

आणि तो फळा! म्युनिक ऑलिम्पिकला १९७२ साली अमेरिकेचे धावपटू एडी हार्ट आणि रे रॉबिन्सन १०० मीटरच्या दुसऱ्या फेरीला पोचलेच नाहीत, कारण त्यांच्या कोचच्या हातात जुनं वेळापत्रक होतं. ही गोष्ट सांगून तुम्ही आमच्याकडचे सगळे छापील कागद काढून घेतलेत. पुढे फळ्यावर एकच कागद असायचा: बसची वेळ, वॉर्म-अप, पहिला कॉल, शेवटचा कॉल. नवा लागला की जुना आमच्यासमोर फाटायचा.

संघाची यादी लागण्याआधी तुम्ही मला बाजूला बोलावलंत. गोड बोलून वेळ मारून नेली नाहीत. तिसऱ्या लेगच्या (रिलेतल्या तिसऱ्या टप्प्याच्या) वळणावर माझा वेग कमी पडतो, असं सांगितलंत आणि वेळा दाखवल्यात. मी रागावले होते. पण यादी भिंतीवर वाचून कळली असती तर त्या रागाचं काय झालं असतं, कोण जाणे.

पहिल्या फेरीच्या दिवशी वॉर्म-अप ट्रॅकवर तिसऱ्या लेगवालीची मांडी आखडली. डॉक्टर आले. तिला काही होऊ नये असंही मला वाटत होतं आणि आपल्या नावाची हाक यावी असंही. दोन्ही अगदी खरं. तुम्ही तिला "काही झालेलं नाही" म्हणाला नाहीत आणि मला "तुझीच वेळ आली" असंही नाही. "तू तुझ्या धावा पूर्ण कर, डॉक्टर ठरवतील," इतकंच. मी पूर्ण केल्या. ती धावली, छान धावली, आणि शेवटचा कॉल होऊन गेल्यावर तुम्ही माझ्याकडे येऊन म्हणालात, "आता काढ स्पाइक्स." तोवर मला काढू दिले नव्हतेत, याबद्दल विशेष आभार.

पुढच्या निवड चाचणीला मी उतरतेय. वळणावर काम चालू आहे. वहीतले माझे रकाने पुसू नका, त्यातले आकडे मात्र नव्याने मोजावे लागतील.

तुमची,
रिले संघातली पाचवी