फॉलोअर नको, टायमिंग विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कराडमध्ये गेली १९ वर्षं माझं औषधांचं दुकान आहे आणि माझी मुलगी ८०० मीटर धावते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध येईल असं पूर्वी कधी वाटलं नव्हतं. आता तो रोज येतो. कंपन्यांचा पैसा रील करणाऱ्यांकडे जातो, मैदानावर धावणाऱ्या मुलांकडे नाही, म्हणून हे पत्र.

दुकानात सोळा-सतरा वर्षांची मुलं येतात, मोबाइल काउंटरवर ठेवतात. त्यात एखादा पिळदार दंडाचा तरुण प्रोटीन पावडरचा डबा हातात धरून बोलत असतो आणि खाली त्याच्याच नावाचा कूपन कोड असतो. ‘काकू, हाच डबा द्या.’ गेल्या आठवड्यात आलेल्या मुलाचे वडील ट्रॅक्टर चालवतात, मला माहीत आहेत. पोरानं रबर लावलेल्या नोटांची गुंडाळी काढली, पाचशेच्या मोजक्या, बाकी सगळ्या शंभराच्या. साडेतीन हजारांचा डबा. हाच का, विचारलं तर म्हणाला, ‘तो दादा हेच खातो.’ दादाला हे खाण्याचे पैसे मिळाल्याचं रीलमध्ये लिहिलेलं होतं, पण कोपऱ्यात, बारीक इंग्रजीत. चष्मा लावून, रील दोनदा थांबवून मला ते सापडलं. मी डबा दिला नाही, आधी डॉक्टरांना दाखव म्हटलं. तो काही न बोलता गेला. त्यानं तो ऑनलाइन मागवला असणार, याची रुखरुख अजून आहे.

माझ्या घरात असा एकही डबा येत नाही. खोकल्याचं औषधसुद्धा मुलगी मला विचारल्याशिवाय घेत नाही. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, स्पर्धेच्या काळात ते ठरावीक प्रमाणापलीकडे लघवीत सापडलं की खेळाडू अडकतो. पावडरच्या डब्यात तर वेष्टनावर न छापलेलंही काही निघू शकतं. उत्तेजक चाचणीचा नियम कडक आहे: शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, मग ते कुठूनही आलेलं असो. दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेनंतर तिचा लघवीचा नमुना घेतला, तेव्हा ती १६ वर्षांची होती. रात्री फोनवर रडवेली होऊन सांगत होती, ‘आई, दोन तास पाणी पीत बसले, होतच नव्हती गं. आणि नमुना घेणाऱ्या त्या मॅडम समोर उभ्या.’

तब्येतीच्या वस्तूबद्दल मी कुणाचं ऐकावं? जिची लघवी तपासली जाते तिचं की ज्याला कूपनमागे पैसे मिळतात त्याचं? मला तरी उत्तर स्पष्ट दिसतं. कंपन्यांना ते दिसत नाही.

गेल्या वर्षी मुलीच्या स्पाइक्स (धावायचे खिळ्यांचे बूट) आणि प्रवासखर्चासाठी आम्ही एका कंपनीला लिहिलं. राज्य स्पर्धेची प्रमाणपत्रं, तीन वर्षांची टायमिंग, प्रशिक्षकांचं पत्र, सगळं जोडलं. अकराव्या दिवशी उत्तर आलं. टायमिंगबद्दल एक अक्षर नाही. इन्स्टाग्रामवर फॉलोअर किती आहेत? किमान १० हजार हवेत आणि महिन्याला चार रील द्यावी लागतील. मुलीचे फॉलोअर होते ४१२. पहाटे साडेपाचला मैदानावर, मग कॉलेज, संध्याकाळी पुन्हा सराव. रील कधी करायची तिनं? तरीही तिनं आठ दिवस प्रयत्न केला. मैत्रिणीच्या हातात मोबाइल देऊन एकच लॅप चार-चार वेळा धावली, चित्रीकरण नीट यावं म्हणून. पाचव्या दिवशी पोटरी धरली. त्या रात्री तिच्या पायाला बर्फ लावताना मी ते अ‍ॅप काढून टाकायला सांगितलं. शेवटी स्पाइक्स माझ्या भिशीच्या पैशातून आले.

कराडला लागूनच गोळेश्वर आहे, पैलवान खाशाबा जाधवांचं गाव. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकला जायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. ते शिकले त्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्य आणलं. महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला २०२४ उजाडलं. ते कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला नेमबाजीत मिळवलं, तेव्हा तो मध्य रेल्वेत टीसी होता. पदकानंतर सगळे हार घेऊन येतात. पदकाआधीच्या वर्षांत खेळाडूला घरातली माणसं, रेल्वे किंवा लष्करातली नोकरी आणि एखादे खर्डेकर सर लागतात.

इन्फ्लुएन्सर म्हणजे वाईट असं माझं म्हणणं नाही. माझी भाची पाककृतींचे व्हिडिओ करते, त्यातले कष्ट मी पाहिलेत. आणि खेळाडू म्हणजे संत असंही नाही. पैशांच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिराती मोठमोठ्या क्रिकेटपटूंनी केल्या, २०२५ मध्ये कायद्यानं ते बंद करावं लागलं. नियम रीलवाल्यांसाठीही आहेत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं जानेवारी २०२३ मध्ये बजावलं आहे की पैसे किंवा वस्तू घेतली असेल तर ते ठळक, सहज दिसेल असं सांगा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. तरी माझ्या काउंटरवर येणाऱ्या मुलाला त्या कोपऱ्यातल्या अक्षरांचा अर्थ ठाऊक नसतो. मराठीत बोलून विकता, तर ‘ही जाहिरात आहे’ हेही मराठीतच लिहा.

आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, दूध संघ आहेत, बँका आहेत. कंपनी कायद्यातल्या सामाजिक खर्चाच्या (सीएसआर) यादीत ग्रामीण आणि ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे, तेव्हा मोठ्या कंपन्यांना अडचण यायचं कारण नाही. फार मागत नाही. वर्षाला स्पाइक्सचे दोन जोड, स्पर्धेला जायचं तिकीट, अंडी आणि दूध. त्या बदल्यात टी-शर्टवर नाव घाला, मुलगी अभिमानानं मिरवेल.

एक मागणी तुमच्याकडेही आहे. पूर्वी तुमच्या जिल्हा पानावर शालेय मैदानी स्पर्धांचे निकाल टायमिंगसकट यायचे. हल्ली उद्घाटनाचा फोटो येतो, पाहुण्यांची नावं येतात आणि शेवटी ‘अमुक शाळेचे यश’ एवढंच. मग एखाद्या कारखान्याच्या संचालकाला कळणार कसं की आपल्या तालुक्यात कोण किती जोरात धावतंय? निकाल पुन्हा मिनिट-सेकंदांसकट छापा. जागा नसेल तर पाहुण्यांचा फोटो लहान करा. आमच्याकडचे आकडे स्पर्धेच्याच संध्याकाळी प्रशिक्षकांकडून लिहून घेऊन तुमच्या कार्यालयात पोचवायला मी तयार आहे, दुकान आठला बंद होतं.

आपली नम्र,
एक औषधविक्रेती आणि धावपटूची आई,
कराड, जि. सातारा