सक्करदऱ्याच्या मिस्त्रीभाऊंना

मिस्त्रीभाऊ, स. न. वि. वि.

तुमचं नाव कुठे लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण त्या दिवशी तुमच्या गॅरेजच्या शेडमधून निघताना नीट धन्यवादही म्हणता आलं नाही मला. बाबा उन्हात थकले होते, घरी जायची घाई झाली. ते राहून गेलेलं आज चारचौघांसमोर लिहिते आहे.

जानेवारीत बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा मानेवाड्याहून धंतोलीला फिजिओथेरपीसाठी त्यांना न्यावं लागतं. आमची गाडी २०१४ची, पेट्रोलवरची. चालताना ठीक, उड्डाणपुलावर चढताना तेवढी जरा मागे ओढल्यासारखी वाटायची. सिग्नलला थांबली की मात्र थरथर सुरू. स्टिअरिंग, आरसा, सीट, सगळं हलायचं. एसी लावला की अजूनच. तुकडोजी पुतळ्याच्या सिग्नलला बाबा दारावरची मूठ घट्ट धरायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. तक्रार एका शब्दाची नाही. पण सिग्नल सुटेपर्यंत त्यांच्याकडे बघवत नसे.

आधी एका वर्कशॉपने इंजिनाची फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी आधार, बदलली. फरक शून्य. मग दुसऱ्या ठिकाणी तीन नंबरच्या सिलिंडरचा, ठिणगीसाठी वीज देणारा कॉइल नवा टाकला. तीन आठवडे गाडी छान चालली आणि पुन्हा तेच. आता इंजिन खोलावं लागेल, असं तिथून सांगण्यात आलं. तो खर्च ऐकून रात्रभर झोप लागली नव्हती मला.

तुमच्याकडे आले ती मे महिन्यातली दुपार होती. तुम्ही बोनेट उघडायच्या आधी प्रश्न विचारले. थंड गाडी जास्त हलते की गरम? काय काय बदललं, कधी बदललं? बाबांनाही विचारलंत, ‘काकाजी, तुम्हाले कुठं लागते हे?’ एवढ्या महिन्यांत गाडीबद्दल बाबांना कोणी काही विचारलं नव्हतं. मग तुम्ही शेडमधला कूलर बंद केलात. त्या उन्हात! त्याच्या घरघरीत इंजिनाचा आवाज नीट ऐकू येत नाही म्हणालात आणि कपाळावरचा घाम बाहीने पुसत पाच मिनिटं कान लावून उभे राहिलात.

‘मिसिंग करून राहिली. पार्ट बदलायची घाई कायले? आधी सापडू तर द्या.’

मिसिंग म्हणजे एखादा सिलिंडर नीट न पेटणं, हे मला तेव्हा कळलं. पुढचा अर्धा तास मी विसरणार नाही, कारण प्रत्येक गोष्ट तुम्ही मला दाखवत गेलात. आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्या होतात ते दाखवणारा काटा सहाशे ते नऊशेमध्ये डुलत होता. फाउंडेशन गेलं असतं तर गाडी हलली असती, पण काटा एका जागी राहिला असता. इथे काटाच हलतोय, म्हणजे इंजिनच कुठेतरी चुकतंय. इतकी साधी गोष्ट, आणि ती तपासायच्या आधीच आमचे पैसे गेले होते. गाडीला जोडलेल्या स्कॅनरवर पी०३०३ हा कोड आला, म्हणजे तीन नंबरचं मिसिंग. पण तुम्ही स्कॅनरवर थांबला नाहीत. चालू इंजिनावर एकेका कॉइलचा कनेक्टर काढून पाहिलात. एक, दोन आणि चार नंबरचा काढला की इंजिन धडपडायचं. तीनचा काढला तर काहीच फरक नाही. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, हेही सांगितलंत. मिनिटाला ८०० फेऱ्या असतील तर एक सिलिंडर ४०० वेळा पेटतो, तो एकटा मेला की मिनिटाला ४०० धक्के चुकतात. म्हणून उभी गाडी थरथरते. वेगात बाकीचे तीन सिलिंडर आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड फिरतं चाक, ते झाकून नेतात.

मग तीनचा कॉइल एक नंबरवर लावलात, तर मिसिंग एक नंबरवर आलं. मला वाटलं, झालं, पुन्हा नवा कॉइल. तुम्ही त्या कॉइलच्या खालचा, प्लगवर बसणारा रबरी बूट काढून दुसरा चढवलात आणि मिसिंग गेलं! कॉइल चांगलाच होता. बूट माझ्या हातावर ठेवलात. फुगलेला, चिकट, बोटाला काळं तेल लागलं. टॉर्च लावून प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल भोकात, बघायला सांगितलंत. तळाशी ऑइल चमकत होतं. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग आणि प्लगच्या नळीचं सील उष्णतेने कडक झालं होतं, तिथून थेंब थेंब ऑइल उतरायचं, बूट भिजायचा, आणि ठिणगी प्लगपर्यंत न पोचता वाटेतच निसटायची. नव्या कॉइलचा बूटही तीन आठवड्यांत असाच भिजला होता.

पॅकिंग, चार सील, एक बूट. कव्हर बसवताना मधल्या बोल्टपासून बाहेरच्या बाजूला, थोडं थोडं करत आवळलंत. मदतीला असलेल्या मुलाने एक बोल्ट जोरात आवळला तर त्याचा हात धरून परत सैल करायला लावलात, पॅकिंग दबून पुन्हा गळेल म्हणून. ओरडला नाहीत त्याच्यावर. चारही प्लग पुसून, त्यांच्या टोकाची फट फीलर गेजच्या पातळ पट्टीने मोजून परत लावले. ‘अजून चालते हे, नवे कशाले?’ मी नवे प्लग घ्यायला तयार होते, भाऊ. तुम्ही ते पैसे घेतले नाहीत.

गाडी सुरू केली तेव्हा काटा आठशेवर स्थिर होता. एसी लावला, हेडलाइट लावले, तरी स्थिर. तुम्ही बाबांना सीटवर बसवलंत आणि ते ‘ठीक’ म्हणेपर्यंत बिल केलं नाहीत.

पंधरा दिवसांनी विहीर पाहायला सांगितलं होतंत. काल सकाळी थंड इंजिनावर, तुम्ही शिकवलं तसं, दहाच्या पान्याने बोल्ट काढून तीन नंबरचा कॉइल वर ओढला. बूट कोरडा, विहीर कोरडी. मग धंतोलीला गेलो. मेडिकल चौकातल्या सिग्नलला मी वळून पाहिलं, तर बाबांचे हात मांडीवर होते आणि त्यांना डुलकी लागली होती.

आपली,
मानेवाड्याची, पांढऱ्या गाडीवाली ताई