रोख द्यायची तर नवव्या महिन्याला द्या

मा. संपादक,

लस घेणाऱ्याला सरकारने रोख पैसे द्यावेत असे सुचवणारे एक पत्र आणि त्याला ‘लाच’ म्हणणारे दुसरे, अशी दोन्ही पत्रे आपल्या सदरात वाचली. लशीसाठी पैसे आपण आजही देतोच, हे दोन्ही पत्रलेखकांच्या नजरेतून सुटले. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला जे ५,००० रुपये मिळतात, त्यातला शेवटचा हप्ता बाळाची जन्मनोंदणी आणि लशींची पहिली फेरी झाल्याशिवाय सुटत नाही. तेव्हा द्यावे की न द्यावे हा वाद केव्हाच निकालात निघालाय. माझी तक्रार अशी, की हे पैसे गरज सुरू व्हायच्या आत संपतात.

ती पहिली फेरी चौदाव्या आठवड्याच्या सुमारास पुरी होते. गोवर-रुबेलाचा पहिला डोस मात्र नऊ महिने भरल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. बांधकामावरची कुटुंबे तोवर फोंड्याहून पेडण्याला गेलेली असतात. आमच्या वाड्याला लागून एक इमारत उभी राहते आहे. तिथल्या एका मजूर बाईसोबत मी आरोग्य केंद्रात गेले होते. त्या दिवशी गोवराच्या डोससाठी तिचे एकच बाळ. कुपी एकदा फोडली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. म्हणून नर्स म्हणाली, ‘पुढच्या आठवड्यात ये, आणखी पोरे जमतील.’ नर्सला तरी काय बोलणार, वाया गेलेल्या डोसांचा हिशेब तिलाच द्यावा लागतो. पण इकडे मुकादमाने त्या बाईची हजेरी कापली ती कापलीच. पुढच्या आठवड्यात ती गेली नाही आणि मीही तिला आग्रह केला नाही.

अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी राजस्थानात उदयपूरकडच्या गावांत केलेला प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. जिथे काहीच वेगळे केले नव्हते, तिथे सगळ्या लशी झालेली मुले होती ६ टक्के. ठरल्या दिवशी न चुकता शिबिर भरवले तिथे १८ टक्के, आणि शिबिरात दर खेपेला किलोभर डाळ व शेवटी थाळ्यांचा संच दिला तिथे ३९. गंमत म्हणजे डाळीचा खर्च धरूनही दर मुलामागचा खर्च कमीच आला, कारण नर्स रिकामी बसून राहत नव्हती. एकाच दिवशी बरीच मुले जमली की कुपीचा प्रश्नही सुटतो. उलट अमेरिकेत ओहायो राज्याने २०२१ मध्ये कोविडची लस घेणाऱ्यांसाठी प्रत्येकी दहा लाख डॉलरच्या पाच सोडती काढल्या, तर त्यामुळे लसीकरण वाढल्याचे नंतरच्या एका अभ्यासात दिसले नाही. आपल्याकडे चंद्रपूर महापालिकेनेही फ्रीज-टीव्हीची सोडत जाहीर केली होती. लॉटरी ती लॉटरीच!

गोव्यात २०२१ च्या सप्टेंबरपर्यंत, सरकारी आकड्यांप्रमाणे, सर्व प्रौढांना कोविडचा पहिला डोस मिळाला. तो रोख न देता. भीती होतीच, त्या मे महिन्यात गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, ऑक्सिजनच्या टंचाईत रुग्ण कसे दगावले ते कोण विसरेल? पण ‘टीका उत्सव’ ही लसीकरण मोहीम पंचायतीच्या दारात आली, हेही तितकेच खरे.

तेच आता बांधकामांवर व्हावे. महिन्यातला एक रविवार ठरवा, नर्स तिथे जाऊ दे, आणि नवव्या व सोळाव्या महिन्याच्या डोसाला आईच्या हातात तिथल्या तिथे डाळ-तेल किंवा बुडालेली रोजंदारी पडू दे. बँकेतून नको. या बायकांचे खाते असलेच तर कर्नाटकात नाहीतर ओडिशात, आणि त्याला जोडलेला फोन नवऱ्याच्या खिशात. पैसा कुठून आणायचा, असे कुणी विचारील. बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर मजुरांच्या कल्याणासाठीच १९९६ च्या कायद्यापासून वसूल होत आलाय. बाळाच्या आईचे नाव बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या यादीत आहे की नाही हे न बघता त्यातूनच हा खर्च करावा.

एक वाचक, फोंडा