आई-बाबा, तीन वर्षं अजून इथेच

मार्च 2026

तीर्थरूप आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

फोनवर हे नीट बोलता आलं नसतं. आईचा आवाज बारीक झाला असता, बाबांनी "बरं, बरं" म्हणत फोन तिच्या हातात दिला असता आणि मी भलतंच काहीतरी बोलून विषय संपवला असता. म्हणून लिहायला बसले. आमच्या कॅथलिक शाळेने मला पर्यवेक्षिका होणार का म्हणून विचारलं होतं. मी हो म्हटलं आहे. तीन वर्षांसाठी. म्हणजे हे वर्ष संपलं की सामान बांधून घरी यायचं जे आपलं ठरलं होतं, ते आता होणार नाही.

इथे थांबू नका, पुढे वाचा. सुट्यांना माझं येणं होतं तसंच राहणार आहे. आईच्या गुडघ्यासाठी, बाबांच्या डोळ्यासाठी केव्हाही यावं लागलं तर येईन, तसं मी मुख्याध्यापिका सिस्टरांना हो म्हणण्याआधीच सांगितलं आणि त्यांनी ते लगेच मान्य केलं. दादाच्या वेळी जे झालं ते माझ्या बाबतीत होणार नाही. एवढं मनात ठेवूनच बाकीचं वाचा.

बाबा, तुमचं म्हणणं मला पाठ आहे. शाळा त्यांची, प्रार्थना त्यांची, सण त्यांचे, तू तिथे कायम पाहुणीच राहणार. यावर मी फोनवर कधी धड उत्तर दिलं नाही, कारण उत्तर लांबलचक आहे. इथला दिवस कसा जातो तेच सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल.

दुपारी बारा वाजता घंटा होते. देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाची छोटी प्रार्थना असते. गणित अर्ध्यावर असो नाहीतर भूगोल, सगळे थांबतात. कॅथलिक मुलं प्रार्थना म्हणतात, बाकीची नुसती उभी राहतात, मी खडू खाली ठेवते. दोन मिनिटं होत असतील. पण एरवी एक क्षण गप्प न बसणारी चाळीस-पन्नास मुलं एका वेळी शांत होतात, याची मला इतकी सवय झाली आहे की सुटीत घरी आले तरी बाराला मी आपोआप थांबते. आईने मागच्या खेपेला "काय गं, काय झालं?" म्हणून विचारलं होतं ना, ते हेच.

मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, असते तेव्हा मी मागच्या बाकावर असते. ख्रिस्तप्रसाद कॅथलिकांसाठीच असतो, तेव्हा आम्ही बाकीचे आपापल्या जागी बसून राहतो. कुणी बोलावत नाही, कुणी वळून बघत नाही. इतक्या वर्षांत मला कुणी "तू आमच्यात ये" म्हटलेलं नाही. काकूंनी तुमच्या डोक्यात जे भरवलं आहे ते काढून टाका. राग म्हणून नाही सांगत, त्यांना काळजीच वाटते. पण इथे येऊन त्यांनी काही पाहिलेलं नाही.

यंदा राखेचा बुधवार 18 फेब्रुवारीला होता. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ तिथून सुरू होतो. मागच्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद देऊन वाटलेल्या झावळ्या लोक घरी वर्षभर जपून ठेवतात, त्या मुलं घेऊन आली. वाळून पार पिवळ्या पडलेल्या, काहींना क्रूसाचा आकार दिलेला. मैदानाच्या कडेला लोखंडी घमेल्यात त्या जाळल्या. सिस्टरांनी गार झालेली राख कुटली, बारीक गाळणीतून चाळली, आणि तीच दुसऱ्या दिवशी कपाळांना लागली. "माणसा, तू माती आहेस आणि मातीलाच मिळशील," असं म्हणत फादर राख लावतात. पहिलीतला एक मुलगा माझा हात धरून उभा होता. त्याने हळूच विचारलं, "टीचर, मी पण?" मी त्याला म्हटलं, सगळेच, मीसुद्धा. त्याचं समाधान झालं आणि तो रांगेत पुढे सरकला. मला मात्र तिथे उभं राहून तुमची दोघांची आठवण येत राहिली.

त्याच आठवड्यात रमजानही सुरू झाला. सातवीत दोन्हीकडची मुलं शेजारी शेजारी बसतात, त्यामुळे कोण काय सोडतं, कोण केव्हा खातं यावर आठवडाभर चर्चा. एका मुलीने ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस मोजायला घेतले तर ते 46 भरले. ती तावातावाने माझ्याकडे आली. मी म्हटलं, रविवार मोजलेस का? सहा रविवार वजा झाले आणि चाळीस बरोबर आले, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून उपवासाच्या हिशेबात तो धरत नाहीत.

बाबा, आता जे सांगते ते खास तुमच्यासाठी. मागच्या वर्षी 21 एप्रिलला, ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी, पोप फ्रान्सिस गेले. 8 मे रोजी पोप लिओ चौदावे निवडून आले. मुलांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, तेव्हा अपूर्णांकांच्या उजळणीला मी फळ्यावर हाच प्रश्न घातला. पोप निवडायला 133 कार्डिनल, म्हणजे चर्चचे वरिष्ठ धर्माधिकारी, मतदान करणार, दोन तृतीयांश मतं लागतात, तर किमान किती? बहुतेकांनी 88.67 उत्तर काढलं आणि खाली दोन रेघा मारून मोकळी झाली. एकाने 88 म्हटलं, एकाने "जवळजवळ 89". मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभरात आपण होऊन कधी बोलली नव्हती, उभी राहिली आणि म्हणाली, "टीचर, माणूस अर्धवट मत कसं देईल? 89च." तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मला उदाहरणं सांगायचात आणि उत्तर आलं की विचारायचात, "हे उत्तर खऱ्या जगात चालेल का?" तेच मी तिला विचारायच्या आत तिने सांगून टाकलं. पुढच्या तासाला विज्ञानाच्या सरांनी, नवा पोप निवडला गेला की धुराड्यातून सोडतात त्या पांढऱ्या धुराचं रसायन समजावलं. पोटॅशियम क्लोरेट, लॅक्टोज आणि राळ. नुसत्या मतपत्रिका जाळून इतका पांढरा धूर येत नाही, म्हणून हे मिश्रण जाळतात. मुलांच्या वह्या त्या दिवशी धुराड्यांच्या चित्रांनी भरल्या होत्या.

सप्टेंबरमध्ये कार्लो अक्युतिस यांना संत म्हणून घोषित केलं, त्याचंही मुलांना फार अप्रूप. 1991 चा जन्म, पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेलेला मुलगा, संगणकाची आवड असलेला, जीन्स आणि बूट घालणारा. संत म्हणजे पांढरी दाढी अशी समजूत असलेल्या आठवीच्या पोरांना तो आपल्यातलाच वाटतो. त्याच्यावर भित्तिपत्रक करताना मुलांनी त्याच्या आईविषयी जास्त प्रश्न विचारले. त्यांची उत्तरं देताना माझा आवाज जरा हलला.

आणखी एक गोष्ट, म्हणजे बाबांचा आक्षेप थोडा सैल होईल. जॉन बाप्टिस्ट द ला साल नावाचे एक फ्रेंच धर्मगुरू होते, 1651 ते 1719. शाळेत वाचायला लॅटिनमधून शिकवायची रीत असताना त्यांनी गरिबांच्या मुलांना फ्रेंचमधून, त्यांच्या स्वतःच्या भाषेतून वाचायला शिकवलं, आणि शिक्षक आधी नीट घडवले पाहिजेत म्हणून आयुष्य वेचलं. 1950 साली त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत ठरवलं. तुम्ही मातृभाषेतल्या शिक्षणासाठी जन्मभर भांडलात. तुमचं आणि त्यांचं छान जमलं असतं.

ऑक्टोबरमध्ये चर्चच्या शिक्षणावरच्या घोषणेला साठ वर्षं झाली. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी ती मंजूर केली होती, आणि त्या निमित्ताने पोप लिओ यांनी शिक्षणावर पत्र काढलं. शिक्षकांच्या बैठकीत आम्ही मूळ घोषणेतला काही भाग वाचला. त्यात सरळ म्हटलं आहे की मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईवडीलच, शाळा त्यांना मदत करायला. माझ्या वाचनाची पाळी नेमकी तिथेच आली.

गरीब मुलांसाठी काम करणारे इटालियन धर्मगुरू डॉन बॉस्को यांनी 1884 मध्ये रोमहून आपल्या माणसांना एक पत्र लिहिलं होतं. त्याचं सार असं की मुलांवर प्रेम असून भागत नाही, आपल्यावर प्रेम आहे हे मुलांना कळलं पाहिजे. त्यांचा सण 31 जानेवारीला असतो, शाळेत दिवसभर खेळ असतात, शिक्षकसुद्धा मैदानात. मी त्या दिवशी लंगडी घातली, आई. आणि हो, चप्पल काढून, पायाला काही झालं नाही. ते वाक्य ऐकलं की मला जून महिना आठवतो. बाबा खाकी कागद कापून एकेका पुस्तकाला कव्हर घालताहेत, आई लेबलावर माझं नाव लिहितेय, आणि मी मध्ये लुडबुड करतेय. तुम्ही तोंडाने कधी काही म्हणाला नाहीत, पण कव्हराचा एक कोपराही कधी वाकडा नसायचा. मला कळायचं, बाबा. तेव्हाही कळायचं.

आता जे लिहिते ते आईने मनाला लावून घेऊ नये. जुलैच्या चौथ्या रविवारी आजी-आजोबांचा आणि वृद्धांचा जागतिक दिवस असतो, पोप फ्रान्सिस यांनी 2021 पासून सुरू केलेला. येशूचे आजी-आजोबा योआकीम आणि अन्ना यांचा सण 26 जुलैला असतो, त्याच्या आसपास. शाळेत मुलांच्या आजी-आजोबांना बोलावतो, मुलं त्यांना वर्गात नेऊन आपल्या बाकावर बसवतात. मागच्या वर्षी एका आजींना जिना चढवत मी वर नेलं. दर पायरीला त्या थांबायच्या आणि डावा गुडघा दाबायच्या, अगदी आईसारखा, अंगठा आत घेऊन. वर गेल्यावर मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर आले आणि थोडा वेळ तिथेच उभी राहिले. तेव्हा मनात आलं होतं की सगळं सोडून घरी यावं. मग नववीतल्या मुलांनी वृद्धाश्रमातल्या आजोबांना लिहिलेली पत्रं तपासायची होती, त्यांतलं एकेक वाचत गेले. एका मुलाने लिहिलं होतं, "मला तुमची ओळख नाही, पण पुढच्या आठवड्यात होईल." तो गेला, ओळख झाली, आणि आता तो दर पंधरवड्याला आपण होऊन जातो. ही मुलं अशी होतात, आणि ती होताना मी तिथे असते, म्हणून मी हो म्हटलं. तुमच्यापेक्षा ही शाळा मोठी वाटली म्हणून नाही, हे कृपा करून लक्षात घ्या.

माझं इथे उत्तम चाललं आहे. खोली बदलून मिळाली, पहिल्या मजल्यावर, पूर्वेची खिडकी, सकाळी ऊन पलंगापर्यंत येतं. गीझर दुरुस्त झाला. जेवण वेळेवर होतं, रात्री दहाला दिवा बंद. आवारातच दवाखान्याची खोली आहे आणि परिचारिका सिस्टर माझा रक्तदाब माझ्यापेक्षा जास्त लक्षात ठेवतात. वजन वाढलं आहे, आईला बरं वाटेल. मधल्या खोलीतलं माझं कपाट रिकामं करायचं नाही.

आता तुमचं. आई, रात्री उठलीस की आधी दिवा लाव, मग पाय खाली ठेव. न्हाणीघरात भिंतीला दांडी बसवून घ्यायची आहे, त्याचे पैसे मी पाठवले आहेत, ते पुन्हा कुणाच्या लग्नाच्या आहेरात घालायचे नाहीत. बाबा, स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही. काहीही. जुन्या वह्या पाहिजेत तर मी आल्यावर काढू. रक्तदाबाची गोळी सकाळीच घ्यायची, "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. दोघांपैकी एकाने तरी फोन हाताशी ठेवा, कपाटात कुलूपबंद करून नका ठेवू. आणि खालच्या वहिनींना एक जादा किल्ली द्या. संकोच वाटतो ते मला माहीत आहे, पण द्या.

बाबांच्या मोतीबिंदूचं आता लांबवायचं नाही. ईस्टर 5 एप्रिलला आहे, आमची सुटी 2 तारखेपासून, मी 3 तारखेच्या सकाळी निघते. पुढचा पूर्ण आठवडा मी घरी असेन, डोळ्यात थेंब घालायला, पट्टी बदलायला, पेपर वाचून दाखवायला. तेव्हा डॉक्टरांकडून 6 एप्रिलनंतरची, त्याच आठवड्यातली तारीख घ्या. रक्तातली साखर आधी तपासायला सांगतील, ते या शनिवारीच उरका. दादाला मी कळवलं आहे, तो गाडी घेऊन येईल. तारीख ठरली की आईने लगेच फोन करायचा, दुपारी साडेबारानंतर, म्हणजे मी उचलेन.

तुमची,
थोरली