नागपुरातल्या कळमन्याच्या दवाखान्याला फुप्फुसाच्या सोनोग्राफीसाठी यंत्र हवं आहे

एप्रिल २०२१, कोविडची दुसरी लाट. आमच्या धर्मादाय दवाखान्याच्या ओट्यावर माणसं धापा टाकत बसली होती आणि आमच्याकडे होतं फक्त ऑक्सिमीटर. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९३ दिसायचा, पण आत फुप्फुसाला किती लागलंय ते कळत नव्हतं. फुप्फुस किती बिघडलंय त्याचा ‘स्कोअर’ काढायला सिटी स्कॅनला पाठवावं, तर रांग दोन दिवसांची. बाजारात पोती उचलणाऱ्या एका काकांना आम्ही असंच पाठवलं. त्यांचा नंबर लागेपर्यंत ऑक्सिजनची खाट शोधायची वेळ आली होती. काका वाचले. ते दोन दिवस मात्र आम्ही विसरलेलो नाही.

म्हणून कळमना-पारडी भागासाठी हातात मावेल असं सोनोग्राफी यंत्र घ्यायचं ठरवलं आहे.

सोनोग्राफी म्हटलं की पोटातलं बाळ नाहीतर मूतखडा आठवतो. फुप्फुसात हवा, आणि हवेतून या ध्वनिलहरी नीट पुढे जात नाहीत. त्यामुळे फुप्फुसासाठी ही तपासणी बरीच वर्षं बिनकामाची समजली जायची. पण निरोगी फुप्फुस पडद्यावर आडव्या रेषा उमटवतं. विषाणूमुळे न्यूमोनिया होऊन सूज धरली, की फुप्फुसाच्या आवरणापासून खाली उभ्या पांढऱ्या रेषा सुटतात. डॉक्टर त्यांना बी-लाइन म्हणतात. आजार वाढला की त्या एकमेकींत मिसळतात, आणि त्याहून बिघडलं की हवा निघून गेलेला भाग यकृतासारखा भरीव दिसतो. छातीचे बारा भाग पाहून प्रत्येकाला ० ते ३ गुण द्यायची एक पद्धत आहे, जास्तीत जास्त ३६. दुसऱ्या दिवशी परत पाहिलं की आजार चढतोय की उतरतोय ते समजतं. क्ष-किरण नसल्यामुळे गरोदर बाईची आणि लहान लेकरांचीही तपासणी पुन्हा पुन्हा करता येते.

विषाणू कोणता, हे यंत्र सांगत नाही. हृदय कमजोर असलं तरी बी-लाइन दिसतात, आणि फुप्फुसाच्या खोल भागातला बिघाड नजरेतून सुटू शकतो. पण कोविडमध्ये इजा बहुधा कडेला आणि पाठीकडच्या खालच्या भागात होते, तिथवर प्रोब, म्हणजे यंत्राचा अंगावर टेकवायचा भाग, पोचतो. कोणाला आजच मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत न्यायचं आणि कोणाला उद्या परत बोलवायचं, हे ओट्यावरच ठरवता आलं तर हमालाची एक दिवसाची मजुरी वाचते, आणि ज्याला खरंच धोका आहे त्याचा वेळ वाचतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यात हे छोटं यंत्रही येतं. नोंदणी नसलेल्या जागी ते विकत काय, फुकटही देता येत नाही. म्हणून कृपा करून कोणी जुनं यंत्र आणून देऊ नका. आधी नोंदणी, मग खरेदी. तोवर तुमचा पैसा वेगळ्या खात्यात राहील. यंत्र कुलपात असेल आणि नोंदणीत नाव असलेले डॉक्टरच ते हाताळतील.

यंत्राची किंमत काही लाखांत आहे. शंभर रुपये दिलेत तरी पावती मिळेल आणि जमाखर्च दर रविवारी दवाखान्याच्या फळ्यावर लागेल. पण पैशाइतकीच गरज माणसांची आहे. शहरातल्या रेडिओलॉजिस्ट आणि छातीविकार तज्ज्ञांनी आठवड्यातली एक संध्याकाळ आम्हाला द्यावी, ही हात जोडून विनंती. जेल, प्रोब पुसायचं साहित्य आणि तपासणीसाठी एक पक्की खाट कोणी दिली, तर तीही हवी आहे.

दवाखाना रोज संध्याकाळी सहा ते नऊ उघडा असतो. पावती तिथेच मिळेल.